किटलीच्या कडीला किल्ली

कडाक्याची थंडी सुरू झाली, की दंबदर्जा म्हाताऱ्याची रशियन जीप दोन ठिकाणी झोपायची. सांगाडा बाहेर बर्फात, बोनेटवर नमद्याची जाड रजई ओढून. आणि इंजिनातलं ऑइल गेरमध्ये, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूत, माणसांच्या उबेला. संध्याकाळी गाडी परतली, की इंजिन गरम आहे तोवर म्हातारा बोकडाचं कातडं अंथरून गाडीखाली सरकायचा, चेंबरचा नट सोडायचा आणि काळंभोर ऑइल दुधाच्या जुन्या अल्युमिनियमच्या किटलीत काढून घ्यायचा. नट पुन्हा आवळायचा. किटली आत आणून दाराच्या डाव्या हाताला, पुरुषांच्या बाजूला, खोगिराशेजारी ठेवायचा. आणि तिच्या कडीला गाडीची किल्ली तारेने अडकवून टाकायचा.

सगळी मेख त्या तारेत होती. ज्याला गाडी हवी त्याला किल्ली हवी, आणि किल्ली हवी तर किटलीपाशी यावंच लागणार. मग रिकामं इंजिन चुकून कुणी सुरू करील ही भीतीच नाही. त्या खोऱ्यातले सगळे जुने ड्रायव्हर असंच करत. कुणाच्या गेरमध्ये शिरल्यावर किटलीला किल्ली लटकताना दिसली, की गाडीची चौकशी करायची गरज उरत नसे.

सकाळी किटली चुलीपासून हातभर लांब, लोखंडी पत्र्यावर यायची. चुलीवर कधीच नाही. चुलीतला विस्तव म्हणजे घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस. त्याच्या डोक्यावर गाडीची घाण तापवली असती तर म्हाताऱ्याच्या बायकोने, यंज्माने, त्याला देलच्या लांब अंगरख्यासकट आणि टोपीसकट बाहेर काढलं असतं. त्यामुळे ऑइल आपल्या चालीने, सावकाश ऊन व्हायचं. तेवढ्यात मीठ घातलेला दुधाचा चहा दोनदा व्हायचा, मेंढ्या चरायला निघायच्या, म्हाताऱ्याचा एखादा जुना किस्सा सांगून संपायचा. मग तो किटली घेऊन बाहेर जायचा आणि जीप खोकत, कण्हत जागी व्हायची. एक तास तरी सहज जायचा.

खोंगोरझुलचा जीव नेमका ह्या एका तासात अडकला होता.

ती उलानबातरची. कॉलेजात अन्नतंत्रज्ञान शिकलेली, लग्नानंतरही शहरातच राहिलेली. पण हिवाळ्यात शहरावर धुराचं जे झाकण बसतं, त्यात तिच्या तान्ह्या तुगुल्दुरचा खोकला काही केल्या थांबेना. नवरा, बिल्गून, दक्षिणेला कोळशाचे ट्रक चालवायचा. महिन्यातून एकदा कसाबसा घरी. तेव्हा दोघांनी मिळून ठरवलं, की ह्या वर्षी थंडी सासरच्या ह्या म्हातारा-म्हातारीबरोबर जावखानच्या डोंगरात काढायची. हवा स्वच्छ, दूध घरचं, मूल सांभाळायला आजी. हिशोब चुकला नव्हता. पोराचा खोकला पंधरवड्यात पळाला, गालांवर लाली आली, आणि तो गेरभर रांगायला लागला.

मग हिवाळ्याच्या तोंडावर एका दुपारी त्याला ताप चढला आणि तापात फिट आली. डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले. म्हातारा नुकताच शेजारच्या तळावरून परतला होता. इंजिन गरम, ऑइल गाडीतच. तशीच गाडी वळवून त्यांनी खिंड ओलांडली आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोचले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लहान मुलांना तापात असं होतं, घाबरू नका. पण पुढच्या वेळी ताप चढायला लागला की वाट बघत बसू नका.

हे वाक्य खोंगोरझुलने गाठीला बांधून ठेवलं. ऑइल किटलीत असतं तर काय झालं असतं, हा एकच विचार तेव्हापासून तिच्या डोक्यात भुणभुणत होता. शिवाय पोरगं आता हात लागेल ते ओढत होतं, आणि किटली ठेवलेली जमिनीवर. ती खोगीर आडवं टाकून कुंपण करायची. सासूबाई म्हणायच्या, ह्या घरात चार पोरं वाढली, एकही किटलीत पडलं नाही.

फोनची रेंज मागच्या टेकाडावर यायची. तिथे वाऱ्यात पाठ करून उभं राहून तिने बिल्गूनला विचारलं. तो म्हणाला, त्यात विचारायचं काय, सिंथेटिक घाला. त्याच्या ट्रकमध्ये तेच असतं; उणे चाळीसमध्येसुद्धा ते पातळच राहतं, काढायला नको, तापवायला नको. साधं ऑइल अशा थंडीत शिजवलेल्या खुरांच्या रश्शासारखं थिजतं, म्हणून तर बाबा ते घरात निजवतात. "मग इतकी वर्षं तू त्यांना का नाही सांगितलंस?" तिने विचारलं. तो हसला आणि म्हणाला, "सांगून बघ ना तू."

तिने सांगून बघितलं. म्हातारा बोर्त्सोगचा, तळलेल्या कणकेचा, तुकडा चहात बुडवत होता. त्याने तो पूर्ण भिजू दिला, खाल्ला, मगच बोलला.

"सिंथेटिक वाईट आहे असं मी कुठे म्हणतो? चांगलंच आहे. पण ह्या इंजिनाला मागच्या बाजूला सील म्हणून काय आहे ठाऊक आहे? दोरी. ग्राफाइट लावलेली दोरी. साधं ऑइल जाडं, ते दोरीपाशी थांबतं. तुझं ते पातळ पाणी थांबायचं नाही, वाट काढणार."

"गळलं तर वरून घालता येईल, बाबा. थिजलेलं ऑइल घाईच्या वेळी पातळ कसं करायचं?"

म्हाताऱ्याने दुसरा तुकडा उचलून चहात बुडवला. सासूबाई शेवया कापता कापता म्हणाल्या, "बोल की म्हाताऱ्या. पोरीने बरोबर जागी बोट ठेवलंय."

"बोट ठेवलंय, हे मीही बघतोय," तो म्हणाला. "आण म्हणावं. एक हिवाळा तिच्या ऑइलवर काढू. पण मग मी किटली हलवायचा नाही. किल्लीही तिच्याकडेच."

तालुक्याच्या दुकानात दोन्ही मिळायची. साधं पिंपातून, सुटं, आपल्या बाटलीत भरून. सिंथेटिक सीलबंद डब्यात, काउंटरमागच्या फळीवर, शाम्पूच्या वर. दुकानदारीण बाईने गाडी कुठली ते विचारलं आणि ऐकून तिच्याकडे असं बघितलं, की जणू ती घोड्यासाठी छत्री मागत होती. आधीच सांगते, म्हणाली, जमिनीला पाजाल. तरी खोंगोरझुलने दोन डबे घेतले. एक भरायला, एक वरून घालायला. घरखर्चाला तेवढीच कात्री लागली, पण त्याचं तिला काही वाटलं नाही.

पहिल्याच खऱ्या थंड सकाळी ती एकटी गाडीपाशी गेली. नाकातला श्वास आतल्या आत टोचत होता. बॅटरी नवी होती, बिल्गूनने सुट्टीला येताना आणलेली. तिने किल्ली फिरवली. इंजिन दोनदा जडपणे फिरलं आणि तिसऱ्यांदा पेटलं. चुलीपाशी किटली नाही, तासभर वाट नाही. म्हातारा दाराशी येऊन ऐकत उभा होता. त्याने मान हलवली. ती होकाराची होती हे तिला कळलं, आणि त्या दिवशी ती उगीचच सासूबाईंशी खूप बोलली.

किल्ली आता तिच्या देलच्या आतल्या खिशात, फितीला बांधलेली असायची. म्हाताऱ्याला गाडी लागली की तो मागून घ्यायचा. परतला की ती हात पुढे करायची आणि तो किल्ली तिच्या तळव्यावर ठेवायचा. किटली धुऊन, उपडी करून सामानाच्या पेटीमागे गेली. जमिनीवर पोराला मोकळं रान मिळालं.

चार-पाच दिवसांत गाडीखालच्या बर्फावर काळा डाग दिसला. आधी नाण्याएवढा, मग बशीएवढा. तेव्हापासून खोंगोरझुलचं आणखी एक काम वाढलं. शेवयांच्या खोक्याचा पुठ्ठा ती रोज चेंबरखाली सरकवायची आणि सकाळी ओढून बघायची. कालच्यापेक्षा मोठा आहे की लहान, ह्यावर तिचा दिवस कसा जाणार ते ठरायचं. मग रजई बाजूला करून ऑइलची पट्टी काढायची, खूण बघायची आणि दुसऱ्या डब्यातून थोडं वर घालायची. बिल्गून म्हणाला होता, कधीकधी जुनी सीलं फुगतात आणि गळती आपोआप थांबते. ती त्याची वाट बघत राहिली. गळती थांबेना. डबा हलका होत चालला. त्यातच खिंडीत बर्फ साचलं. म्हातारा म्हणाला, जीप मधून जाईल कशीबशी, पण ऑइल आणायला म्हणून जाऊ नये. जायचंच झालं तर पोरासाठी जावं.

पूर्वी तिला रात्री वाटायचं, गाडी वेळेवर सुरू होणार नाही. आता वाटायचं, सुरू होईल आणि खिंडीच्या मध्यावर कोरडी पडेल. भीती तीच होती, फक्त जागा बदलून बसली होती. म्हाताऱ्याने मात्र एकदाही टोमणा मारला नाही. येता-जाता पुठ्ठ्यावरचा डाग बघायचा आणि तपकिरीची डबी काढायचा.

त्या संध्याकाळी तो शेजारच्या तळावरून परतला. गाडी लावून आत आला, खोंगोरझुलने हात पुढे केला, त्याने किल्ली दिली. पोरगं दात येत असल्यासारखं किरकिरत होतं. ती त्याला घेऊन पडद्यामागे गेली. म्हाताऱ्याने चहा घेतला आणि पुन्हा बाहेर गेला. त्याने पट्टी बघितली होती. डब्यात तळाला राहिलेलंही बघितलं होतं. रात्रभरात आणखी एक बशी बर्फात जाणार हे त्याला दिसत होतं. बोकडाचं कातडं टाकून तो खाली सरकला, ऑइल किटलीत उतरवून घेतलं, नट आवळला, पुसला, पुठ्ठा उलटा करून पुन्हा जागेवर ठेवला.

किटली जमिनीवर ठेवलेली सुनेला आवडत नाही, हे त्याच्या चांगलं लक्षात होतं. म्हणून त्याने ती उंच, भिंतीच्या लाकडी जाळीला, लगाम टांगायच्या खुंटीवर अडकवली. वर लगाम आले, त्यावर त्याचं मेंढीच्या कातड्याचं देल आलं. सुनेला उठवून सांगावं असं त्याच्या मनात आलं. पण पोरगं आत्ताच निजलं होतं, आणि सांगायला गेलं तर 'बघ, मी म्हणत नव्हतो' असा सूर लागेल असंही वाटलं. किटली घरात आहे, एवढं पुरे, असं म्हणून तो झोपला. तारेची आठवण त्याला झालीच नाही. उजाडायच्या आत तो सुटलेल्या घोड्यांच्या मागावर निघून गेला. दुसरं देल घालून.

सकाळी खोंगोरझुलने पुठ्ठा ओढला आणि बघतच राहिली. कोरडा. तिने उलटून बघितला, दुसऱ्या बाजूला जुना डाग होता. वरची बाजू स्वच्छ. सील फुगलं, असं तिला वाटलं. पट्टी बघायला रजई सोडावी लागली असती, आणि आतून पोराचं रडणं ऐकू येत होतं. ती तशीच आत पळाली. सासूबाईंना म्हणाली, गळती थांबली. त्या दूध ढवळत होत्या. म्हणाल्या, चला, एका तोंडाला तरी बूच लागलं, आता तुझ्या लेकाच्या तोंडाला लाव.

पोरगं किरकिरतच राहिलं. दुपारच्या सुमारास सासूबाईंनी त्याच्या मानेखाली हात घातला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"पोरी, हाताला चटका बसतोय. मी ह्याला गुंडाळते, तू गाडी काढ."

तिने औषधाचे थेंब पाजले, देल चढवलं, आणि चार ढांगांत गाडीपाशी पोचली. रजई ओढून फेकली. किल्ली फिरवली, आणि इंजिन पहिल्याच झटक्यात पेटलं. इतकं हलकं, इतकं सहज, की क्षणभर तिला आनंदच झाला. मग तो आवाज तिच्या कानात नीट शिरला. त्यात भरीवपणा नव्हता. रिकाम्या पातेल्यात चमचे हलवावेत तसा तो आवाज वाढत होता. समोरचा लाल दिवा, जो एरवी लगेच विझायचा, तसाच जळत होता. आणि तिच्या डोळ्यांपुढे सकाळचा कोरडा पुठ्ठा आला. ठिबकायला आत काही असेल तर ठिबकणार ना.

तिने किल्ली उलटी फिरवली. शांतता झाली.

त्या शांततेत तिला आठवलं, की ह्या घरात ऑइल गाडीत नसेल तर एकाच ठिकाणी असतं. ती आत धावली. खोगिराशेजारी काही नव्हतं. पेटीमागे हात घातला, तिथे किटलीची गोल खूण होती, किटली नव्हती. सासूबाई पोराला ब्लँकेटात गुंडाळून उभ्या होत्या. काय शोधतेस, त्यांनी विचारलं.

"किटली."

त्यांनी हनुवटी वर केली. "काल म्हाताऱ्याने तिथे काहीतरी टांगलं खरं. मला वाटलं रिकामीच आहे, खुंटी सापडली म्हणून ठेवली."

तिने देल खाली ओढलं, लगाम ओढले. किटली जड होती. तापलेली नव्हती, नुसती घरातल्या माणसांइतकी कोमट. साधं ऑइल असतं तर ह्या घटकेला ती चुलीपुढे बसून ते ऊन होण्याची वाट बघत राहिली असती; नुसतं कोमट ओतलं असतं, तर थंड लोखंडाला लागताच ते घट्ट झालं असतं. हे पाण्यासारखं ओतलं गेलं. पट्टी काढून बघितली. डब्यात तळाला राहिलेलंही घातलं. किल्ली फिरवली. लाल दिवा लागला आणि विझला. आवाज भरीव होता, पण त्याच्या खाली एक बारीक टकटक राहिली होती, जी काल नव्हती.

सासूबाई पोराला घेऊन शेजारी बसल्या. खिंडीत जीप दोनदा घसरली, एकदा सासूबाईंनी मोठ्याने डोंगराच्या देवाचं नाव घेतलं. दवाखान्यात पोचेपर्यंत ताप तेवढाच होता, पण फिट आली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी कानात बत्तीचा उजेड पाडून बघितलं. कान सुजला होता. इंजेक्शन दिलं, औषध दिलं, आणि रात्र इथेच काढा म्हणाल्या. पोरगं सकाळी आजीची कानातली ओढत होतं.

निघताना ती त्याच दुकानात गेली. दुकानदारीण बाईने काही न विचारता पिंपाच्या तोटीकडे हात नेला. ते नाही, खोंगोरझुल म्हणाली, फळीवरचं. बाई म्हणाली, अजून गळतं ना? गळतं, ती म्हणाली.

घरी आली तेव्हा म्हातारा बाहेरच उभा होता. काय झालं असेल ते त्याला पडलेल्या लगामांवरून आणि उघड्या खुंटीवरून आदल्या दिवशीच कळलं होतं, आणि बरं-वाईट कळायला मार्ग नव्हता. एक अख्खी रात्र त्याने तशीच काढली होती. त्याने आधी नातवाला घेतलं, त्याच्या डोक्याचा वास घेतला, मग बायकोकडे दिलं. मग बोनेट उघडून, इंजिन चालू ठेवायला सांगून, कान लावून उभा राहिला. बराच वेळ.

"किती वेळ चालवलंस कोरडं?"

"तीन-चार श्वास. आवाज ऐकला आणि बंद केलं."

"टकटक राहिलीय."

"हो. बाबा, मला सांगायला हवं होतं तुम्ही."

म्हाताऱ्याने बोनेट लावलं. "किटली घरात आली की सांगितल्यासारखंच असतं. आमच्याकडे असंच चालत आलंय."

"किटलीला किल्ली असते तेव्हा. किल्ली माझ्या खिशात होती. नुसती किटली काय सांगणार? तीही तुम्ही देलखाली झाकलेली."

"तुझ्या पोरासाठीच वर टांगली."

"माहितीये," ती म्हणाली. "म्हणून तर रागावता पण येत नाही."

दारातून सासूबाई म्हणाल्या, दोघंही शहाणे आहात, पण आत या, चुलीतली ऊब बाहेरच्या घोड्यांसाठी नाही. म्हातारा हसला नाही. त्याने देलच्या बाहीने काच पुसली, जी आधीच स्वच्छ होती.

"चूक माझी होती," तो म्हणाला. "किल्ली परत घ्यायला हवी होती. पण काल माझं ऑइल असतं तर तुला तासभर बसावं लागलं असतं, हेही खरं. आणि तुझं ते रात्रभर गाडीतच ठेवलं असतं तर दवाखान्यापर्यंत पुरलं नसतं. काय करायचं बोल."

ते तिने खिंडीतून येतानाच ठरवलं होतं. ऑइल सिंथेटिकच राहील. पण रात्री गाडीत राहणार नाही. किटलीत येईल, म्हणजे रात्रभर गळणार नाही. सकाळी तापवायचं नाही, लागलं की सरळ ओतायचं आणि निघायचं. किटली वर, खुंटीवर, पोराचा हात पोचणार नाही तिथे. पण उघडी, वर काहीही टांगायचं नाही. आणि किल्ली किटलीला.

म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात तुमचं घाला. पिंपातलं."

"हं," तो म्हणाला. "गाडीखाली कोण शिरणार?"

तिने हात पुढे केला. ह्या वेळी किल्लीसाठी नाही. त्याने जरा थांबून पाना तिच्या हातात दिला. बोकडाचं कातडं अंथरून ती पाठीवर आत सरकली. नट कुठल्या दिशेने फिरतो ते त्याने वाकून सांगितलं, ऑइल गरम असतं, मनगट बाजूला ठेव म्हणाला. तरी पहिली धार तिच्या बोटांवरून गेली आणि तिने ओठ आवळून घेतले. किटली भरत आली तशी टकटक करणारं इंजिन वर शांत होतं, आणि पुठ्ठ्यावर पडायला काही उरलं नव्हतं.

आत आल्यावर तिने किटली खुंटीला अडकवली. फितीची गाठ सोडून किल्ली काढली, कडीला लावली आणि तार पिळली. एक पीळ, मग आणखी एक. हात धुऊन आली, पुन्हा जाऊन तार चाचपून बघितली. पोराला दूध पाजलं, आणि पुन्हा एकदा उठली.

"आता ती कुठे पळून जात नाही," म्हातारा अंथरुणातून म्हणाला.

"माहितीये बाबा," ती म्हणाली, आणि तारेला आणखी एक पीळ दिला.